विडी सोडायची, पण एकट्यानं नव्हे

गटात फिरताना आम्ही पाचट जाळू नका म्हणून सांगतो, आणि बांधावर विडी पेटलेली असतेच! वाळल्या पाचटाला एक थोटूक पुरतं. छातीचं तर विचारूच नका.

"उद्यापासून बंद" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. निकोटिन तुटल्यानं तसं होतं. त्यात माणसाचा कमकुवतपणा नाही. तलफ आली की पाच-दहा मिनिटं काढावीत. पाणी प्यावं, दारं मोडायला जावं, ती ओसरते. विडीऐवजी मिश्री लावणं किंवा तंबाखूचा बार भरणं म्हणजे सोडणं नव्हे. निकोटिन तेच, वर तोंडाच्या कर्करोगाचं भय.

केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे : १८००-११-२३५६. हा नंबर विडीच्या पुडक्यावर छापण्याचा नियम २०१८ पासून आहे. आजवर पुडकं फक्त उघडलं, आता वाचावं! जिल्हा रुग्णालयातही समुपदेशन मिळतं. निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. सोडण्याची तारीख घरी सांगावी, तशीच विडीच्या सोबत्यांनाही. पुढं केलेली विडी नाकारणंच जड जातं. मध्येच ओढली गेली, तर तोच नंबर पुन्हा फिरवावा. बहुतेकांची विडी पहिल्या खेपेत सुटत नाही.