कारखान्याच्या दारावरची पाटी

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील गाव. पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्थानक आणि कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून ते ओळखले जाते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घातले जाते आणि पालखी लोणंदला मुक्कामाला येते. याच गावाजवळ आज औद्योगिक वसाहतही आहे. नदी, शेती, बाजार आणि कारखाने अशी शेजारशेजारची वस्ती महाराष्ट्रात आता ठिकठिकाणी दिसते.

अशा गावातील माणसांना काही साधे प्रश्न पडतात. धुराड्यातून काय बाहेर पडते? सांडपाणी कोठे जाते? आपल्या विहिरीला त्यापासून धोका आहे का? उत्तर मिळाले नाही, की त्याची जागा अफवा घेते. धुराड्यावरचा पांढरा लोट ही पुष्कळदा नुसती वाफ असते, तरी लोक तिला भितात. उलट, डोळ्यांना न दिसणारा वायू घातक असला तरी त्याची कोणी दखल घेत नाही.

माहिती नसण्याची किंमत किती मोठी असते, हे १९८४ साली भोपाळने दाखवून दिले. २ डिसेंबरच्या रात्री तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. टाक्यांत काय साठवले आहे आणि ते सुटल्यास काय करावे, हे आसपासच्या वस्त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. त्यानंतर १९८७ साली आपल्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने धोक्याची आणि बचावाच्या उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि शेजारच्या जनतेलाही दिली पाहिजे, असे बंधन आले. पुढे २००३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, धोकादायक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्यांनी आपली माहिती प्रवेशद्वाराबाहेर पाटीवर लावावी असे ठरले.

पाटी लागली, पण ती वाचायची कशी?

मिलिग्रॅम म्हणजे किती?

समजा, पाटीवर लिहिले आहे : ‘सांडपाणी – बी.ओ.डी. ३० मिलिग्रॅम प्रति लिटर.’ एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅम भरते. तेव्हा ३० मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे दहा लाख भागांत ३० भाग.

आता बी.ओ.डी. म्हणजे काय ते पाहू. सांडपाण्यात सेंद्रिय पदार्थ असतात. जिवाणू ते खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ठराविक काळात एक लिटर सांडपाण्यासाठी जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो, तितकी त्या पाण्याची ‘जैविक प्राणवायू मागणी’, म्हणजेच बी.ओ.डी. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवस करतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे.

स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तो ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की माशांना जगणे कठीण होते.

एक हिशेब

दोन काल्पनिक कारखाने घेऊ. ‘अ’ कारखाना रोज ५ लाख लिटर सांडपाणी सोडतो. त्याची बी.ओ.डी. ३० आहे. ‘ब’ कारखाना रोज ५० हजार लिटर सोडतो. त्याची बी.ओ.डी. ६० आहे. यांपैकी नदीवर अधिक भार कोणाचा?

अ : ५,००,००० × ३० = १,५०,००,००० मिलिग्रॅम = १५ किलोग्रॅम.
ब : ५०,००० × ६० = ३०,००,००० मिलिग्रॅम = ३ किलोग्रॅम.

‘ब’ ने मर्यादा मोडली आहे, तेव्हा कारवाई त्याच्यावर होईल आणि ती योग्यच आहे. पण मर्यादेत राहणाऱ्या ‘अ’चा नदीवरचा भार त्याच्या पाचपट आहे. १५ किलोग्रॅम मागणी म्हणजे पावणेएकोणीस लाख लिटर नदीच्या पाण्यातील सगळा प्राणवायू. पावसाळ्यात भरून वाहणारी नदी हा भार सहज पेलते, शिवाय हवेतून तिला नवा प्राणवायू मिळत राहतो. उन्हाळ्यात पात्रात डबकी उरली असताना तोच भार माशांच्या जिवावर बेततो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. ‘ब’ ने आपल्या सांडपाण्यात तितकेच स्वच्छ पाणी मिसळले, तर बी.ओ.डी.चा आकडा ६० वरून ३० वर येईल. पाटी निर्दोष दिसेल. भार मात्र ३ किलोग्रॅमच राहील! म्हणून पाटीवर नुसते प्रमाण असून भागत नाही. रोजचे सांडपाणी किती लिटर, हेही लिहिलेले असले पाहिजे.

धुराडे आणि अंगण

हवेच्या बाबतीत वेगळाच घोटाळा होतो. धुराड्यातून निघणाऱ्या धूलिकणांची सर्वसाधारण मर्यादा एका घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. काही उद्योगांना ती याहून कडक आहे. आपण श्वास घेतो त्या हवेतील १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची चोवीस तासांची मर्यादा मात्र १०० मायक्रोग्रॅम आहे. १५० आणि १०० हे आकडे जवळचे वाटतात. पण एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, तेव्हा पहिला आकडा दुसऱ्याच्या दीडहजार पट झाला. धुराड्याच्या तोंडाशी असलेला धूर वर जाऊन हवेत पसरतो आणि विरळ होतो, म्हणून दोन ठिकाणच्या मर्यादा वेगळ्या. अंगणातील हवा कशी आहे हे धुराड्यावरच्या आकड्यावरून सांगता येत नाही. ती तेथेच मोजावी लागते.

रंग आणि तारे

हा सारा हिशेब प्रत्येक गावकऱ्याने करावा अशी अपेक्षा ठेवता येणार नाही. म्हणून आकड्यांचे सोपे रूप शोधले गेले. इंडोनेशियाने १९९५ साली कारखान्यांना पाच रंग दिले : सोनेरी, हिरवा, निळा, लाल आणि काळा. कायदा पाळणारा निळा, त्याहून सरस ते हिरवे आणि सोनेरी, मागे पडणारे लाल आणि काळे. वाईट शेरा मिळालेल्यांना सुधारण्यासाठी काही महिन्यांची मुदत देण्यात आली आणि मगच त्यांची नावे जाहीर झाली. तेवढ्या अवधीत कित्येकांनी सुधारणा केली. लोकांना कळणार आहे, एवढ्यानेही फरक पडतो!

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ जून २०१७ रोजी असाच एक उपक्रम सुरू केला. धुराड्यातील धूलिकणांच्या तपासणीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्यात आले. सर्वांत स्वच्छ त्याला पाच. तारे मोजायला शाळेची पायरीही चढावी लागत नाही, हा त्यांचा गुण. पण हे तारे धूलिकणांपुरतेच होते. विषारी वायू किंवा सांडपाणी यांविषयी ते काही सांगत नव्हते. सोप्या खुणेखाली मूळ आकडे का हवेत, ते यावरून ध्यानात येईल.

विचारण्याचा हक्क

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार कारखान्यांना घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि त्या सांडपाण्याची झळ पोहोचणाऱ्या कोणालाही ती पाहता येते. दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी कारखान्याने मंडळाला पर्यावरण विवरणपत्र सादर करायचे असते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर आणखी पुढे जातो : सरकारी कार्यालयांनी माहिती पसरवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यावी, असे तो सांगतो. लोणंदसारख्या गावी ती पद्धत कोणती? मराठीतील फलक, बाजाराच्या दिवशी दिलेली माहिती आणि शाळेतील विज्ञानाचा तास!

करून पाहा

१. सांडपाणी मिसळल्यावरही नदीत लिटरला ४ मिलिग्रॅम प्राणवायू शिल्लक राहावा, यासाठी ‘अ’ कारखान्याला रोज नदीचे किती पाणी लागेल? (नदीत मुळात ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरा; हवेतून मिळणारा सोडून द्या. उत्तर : साडेसदतीस लाख लिटर.)

२. शिक्षकांच्या मदतीने एका काल्पनिक कारखान्याची मराठी पाटी तयार करा. तीत रोजचे सांडपाणी, प्रमाण, मर्यादा, एकूण भार, मोजणीची तारीख, मोजणी कोणी केली आणि अपघात झाल्यास काय करावे, या सात गोष्टी असाव्यात.

३. ती पाटी घरातील मोठ्या माणसांना वाचून दाखवा. त्यांना कोणता शब्द कळला नाही ते लिहून घ्या आणि पाटी सुधारा. आजीला कळली, की पाटी चांगली झाली असे समजावे.