मदतीचा पैसा कोणाच्या खात्यात?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि आपली कोठी ओस पडली. शेतात मात्र रब्बीचे पीक उभे होते. त्या काळात सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात पैसे टाकले, हे तुम्ही घरी ऐकले असेल. ते कोणत्या हिशेबाने टाकले, हे या पाठात पाहू.

केंद्राने पीएम-किसानचे २,००० रुपये एप्रिल २०२० मध्येच दिले. ही रक्कम नवी नव्हती. वर्षाच्या ६,००० रुपयांचे तीन हप्ते असतात, त्यातलाच एक लवकर आला. हा पैसा कुटुंबामागे मिळतो. जमीन दोन एकर असो की वीस, रक्कम तीच. आयकर भरणाऱ्यांना तो नाही.

तेलंगणात याशिवाय २०१८ पासून 'रयतु बंधु' योजना होती. २०२० च्या खरिपात तिचा दर एकरी ५,००० रुपये होता. आम्ही फळ्यावर गणित मांडले. दोन एकरवाल्याला १०,०००, वीस एकरवाल्याला १,००,०००. कमाल मर्यादा नाही, आयकराची अट नाही. मालक शहरात राहत असला तरी चालते. पट्टेदार पासबुक त्याच्या नावावर असले म्हणजे झाले.

आता तिसरा शेतकरी घ्या. तो पाच एकर कौलाने करतो. बी-खत त्याचे, मजुरी त्याची, मालकाला रोख खंडही तोच देतो. टाळेबंदीत माल पडून राहिला तर नुकसान त्याचेच. या दोन्ही योजनांतून त्याला मिळाले शून्य. मुलांना वाटले, आम्ही बेरजेत चुकलो!

चूक बेरजेत नाही, नोंदीत आहे. तेलुगूतला 'कौलु रैतु' आणि आपल्या मराठीतला 'कौल' हे एकाच मूळ शब्दाचे. कौल म्हणजे दिलेला शब्द, आणि हा करार बहुधा तोंडीच राहतो. कूळ म्हणून नाव लागले तर जमीन हातची जाईल, अशी मालकाला धास्ती असते. हैदराबाद संस्थानचा कूळकायदा १९५० चा. तेव्हा मराठवाडाही याच राज्यात होता, म्हणून ही धास्ती आपल्या आजोबांच्याही ओळखीची. २०११ मध्ये एकत्रित आंध्र प्रदेशाने कौलदारांना ओळखपत्र देणारा कायदा केला. त्यावर कर्ज मिळावे हा हेतू होता, मालकी हक्क नव्हे. रयतु बंधुने मात्र पासबुकच प्रमाण मानले.

दुसरी पद्धत असू शकते का? अमेरिकेने २०२० मध्येच शेतकरी व पशुपालकांना कोरोना मदत दिली. तिथे पिकाची जोखीम ज्याच्या वाट्याची, तो पात्र. जमीन खंडाची असली तरी. जनावरांची मदत डोक्यांवर मोजली. त्या योजनेतही मोठ्यांना जास्त मिळालेच, पण कसणारा वगळला गेला नाही.

२०२५ मध्ये रयतु बंधुच्या जागी 'रयतु भरोसा' आली, दर एकरी ६,००० झाला. भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२,००० रुपयांची वेगळी योजनाही निघाली. रयतु भरोसाचा पैसा मात्र पासबुकावरच जातो.

आपल्यापैकी काहींची आदिलाबाद, निजामाबादकडे वडिलोपार्जित जमीन असेल. गृहपाठ असा: ती जमीन आज कोण कसतो, आणि २०२० च्या खरिपातले एकरी ५,००० कोणाच्या खात्यात आले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा.