महामंदी, मँचेस्टर आणि मोडलेली माळ

आर्थिक अरिष्ट आले की बलाढ्य सत्तेचे वर्चस्व कोसळते, असे आपण सहज म्हणतो. १९२९ च्या जागतिक महामंदीत ब्रिटनचे काय झाले याचा अभ्यास करताना मला ही समजूत अपुरी वाटू लागली. त्याचा पुरावा शोधायला फार दूर जायला नको. तो आपल्या मुंबईतच आहे.

परळ-लालबागच्या गिरण्यांतील कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के उत्पादनकर होता. मँचेस्टरच्या मालाला देशी कापडाची स्पर्धा होऊ नये, हा त्यामागील हेतू. हा कर १९२६ साली रद्द झाला. पुढे मंदीत सरकारचा महसूल आटला. इंग्लंडला दरसाल पाठवावयाची रक्कम मात्र चुकत नव्हती. म्हणून आयात कापडावरील जकात वाढविणे सरकारलाच भाग पडले. रस्त्यावर बहिष्काराची चळवळ होतीच. १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू हा गिरणी कामगार काळबादेवीत विदेशी कापडाच्या लॉरीखाली हुतात्मा झाला. अखेर १९३३ च्या ऑक्टोबरात मँचेस्टरच्या प्रतिनिधींना मुंबईच्या गिरणीमालकांचे पुढारी होमी मोदी यांच्याशी करार करावा लागला. ब्रिटिश मालाला जपानी मालापेक्षा सवलत मिळाली, पण ती आता हुकमाने नव्हे, घासाघीस करून.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी : २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. रुपया मात्र १ शिलिंग ६ पेन्स याच दराने पौंडाशी बांधलेला राहिला. सोन्याचा भाव चढला. धान्याचे भाव आधीच पडले होते. सारा आणि सावकार भागविण्यासाठी शेतकऱ्यांनी दागिने मोडले. ते सोने मुंबई बंदरातून लंडनला गेले आणि पौंडाला आधार मिळाला. माझ्या आजीच्या आजीनेही रत्नागिरीकडे त्याच सुमारास आपली पुतळ्यांची माळ मोडली, असे आमच्या घरी सांगतात. ती कोणाच्या उपयोगी पडली, हे तिला कधीच कळले नसेल.

यावरून मला असे वाटते, की अरिष्टात सत्ताधारी सामर्थ्यवानांशी तडजोड करतो आणि दुबळ्यांवर भार ढकलतो. त्यामुळे त्याचे वर्चस्व टिकते, पण पूर्वीसारखे राहत नाही. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा ब्रिटनच भारताचा ऋणको झाला होता. तेव्हा 'सत्ता पडली का?' एवढेच विचारून भागणार नाही. 'ती सावरली कोणाच्या जिवावर?' हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारले पाहिजे.