वाद्यांचा हंगाम आणि उपासनेचे वर्ष
(लघु ख्रिस्ती समूहांसाठी अभ्यासपाठ)



दिवाळी सरली की वाद्यांच्या दुकानांत दुसरा हंगाम सुरू होतो. गणपतीपूर्वी तिथे ढोलकी, टाळ, पखवाज आणि भजनी मंडळांच्या पेट्यांची वर्दळ असते. नाताळच्या तोंडावर कीबोर्ड, गिटार आणि स्पीकर यांची मागणी वाढते. दुकानांवर सवलतीच्या पाट्या लागतात आणि त्याच सुमारास धर्मग्रामात एक प्रश्न हमखास निघतो : या नाताळला चर्चसाठी नवे वाद्य घ्यायचे का? कोणी म्हणते, मोठा कीबोर्ड घ्या. कोणी म्हणते, जुनी पेटी दुरुस्त करा. कोणी म्हणते, आता सगळी गाणी पेनड्राइव्हवर मिळतात, वाजवणारा हवाच कशाला?

हा प्रश्न पैशाचा वाटतो, पण त्याआधी तो उपासनेचा आहे. २२ नोव्हेंबरला संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा स्मृतिदिन येतो आणि त्याच्या मागोमाग आगमनकाळ सुरू होतो. या विषयावर थोडा अभ्यास करण्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

ऑर्गन चर्चमध्ये कसा आला?

ऑर्गन हे मुळात चर्चचे वाद्य नव्हते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे क्टेसिबियस नावाच्या ग्रीक कारागिराने पाण्याच्या दाबाने हवा नळ्यांत सोडून सूर काढणारे यंत्र बनवले. पुढे रोमन लोक ते खेळांच्या रिंगणात आणि मेजवान्यांत वाजवू लागले. इ. स. ७५७ मध्ये बायझंटाइन सम्राट पाचवा कॉन्स्टंटाइन याने फ्रँक लोकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट म्हणून पाठवला. त्यानंतरच्या शतकांत पश्चिम युरोपातील मठांत आणि कॅथेड्रलांत या वाद्याने हळूहळू जागा मिळवली.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कोणतेही वाद्य जन्मतः पवित्र नसते. रिंगणातले वाद्य वेदीजवळ आले ते प्रार्थनेच्या सेवेला लागले म्हणून. बायबलमधील शेवटचे, म्हणजे १५० वे स्तोत्र वाचा. त्यात कर्णा, तंतुवाद्ये, बासरी, डफ आणि झांजा या सर्वांना परमेश्वराच्या स्तुतीसाठी बोलावले आहे.

आपल्याकडची वाट

मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. परंतु असा ऑर्गन म्हणजे शेकडो नळ्या, मोठा भाता आणि मोठा खर्च. लहान गावांतील चर्चना तो परवडणारा नव्हता. त्यांच्या मदतीला आले ते पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ याने १८४० च्या सुमारास पेटंट घेतलेले हार्मोनियम. त्यात नळ्यांऐवजी पितळी सूर होते आणि पायाने भाता चालवायचा होता. मिशनरी ते जहाजातून देशोदेशी घेऊन गेले. आपल्याकडे लोक जमिनीवर बसून गातात. तेव्हा कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता चालवायची सुटसुटीत पेटी तयार केली आणि ती देशभर पसरली.

पायाने चालवायचा ऑर्गन मात्र महाराष्ट्रात एका वेगळ्याच ठिकाणी रुजला. तो मराठी संगीत नाटकाच्या साथीला आला. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनचे भरदार सूर असत आणि रसिकांना ते परके वाटले नाहीत. याउलट आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. पेटीचे सूर ठरावीक असतात, त्यांतून मींड आणि श्रुती निघत नाहीत, असा आक्षेप होता. १९७१ नंतर ही बंदी सैल होत गेली. एवढ्या काळात भजनी मंडळांनी आणि चर्चच्या गायकवृंदांनी पेटी सोडली नाही, कारण सर्वांना एका सुरात धरून ठेवण्याचे काम ती चोख करते.

वाद्यांच्या दुकानांनाही इतिहास आहे. वसईला किंवा विरारला गाडी पकडून मरीन लाइन्सला उतरले की धोबी तलाव जवळच आहे. तिथल्या जेर महाल इमारतीशी जोडले गेलेले फुर्ताडोज हे नाव १८६५ पासूनचे. याच परिसरात गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते. नोकरीसाठी, संगीतासाठी मुंबईत आलेले गोवेकर तिथे उतरत. त्यांच्यातील अनेकांनी वाद्य आणि स्वरलिपी गावच्या चर्चच्या शाळेत शिकली होती. दादरची हरिभाऊ विश्वनाथ ही पेढी १९२५ पासून पेट्यांसाठी ओळखली जाते. पियानो-ऑर्गनची एक परंपरा आणि पेटीची दुसरी, अशा दोन्ही परंपरा आपल्याला रेल्वेच्या एकाच मार्गावर सापडतात.

ख्रिस्तसभा काय सांगते?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या १२० व्या परिच्छेदात लॅटिन परंपरेने पाइप ऑर्गनला मोठा मान द्यावा असे म्हटले आहे. त्याचबरोबर इतर वाद्यांनाही दार उघडले आहे. अट अशी की, ती पवित्र कार्याला योग्य असावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावीत आणि भाविकांची श्रद्धा खरोखर वाढवावी. ५ मार्च १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्रात त्याचा आणखी खुलासा आहे. त्यातील चार मुद्दे आपल्या कामाचे आहेत.

१. वाद्य निवडताना त्या त्या लोकांची संस्कृती आणि परंपरा लक्षात घ्यावी. म्हणजे आपली पेटी, तबला, टाळ हे ऑर्गनची जागा तात्पुरती भरून काढणारे पाहुणे नाहीत.

२. वाद्याने गाणाऱ्यांना आधार द्यावा, त्यांचा आवाज दाबून टाकू नये.

३. धर्मगुरू आपल्या वाट्याची प्रार्थना मोठ्याने म्हणत असताना वाद्य थांबवावे. कृपादानाच्या प्रार्थनेखाली कीबोर्डचे हळुवार सूर चालू ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. हेतू चांगला असला तरी ती रीत नव्हे.

४. वादक कुशल असावा, आणि त्याला उपासनेचा आत्माही कळलेला असावा.

पेनड्राइव्हचे उत्तरही आपल्याला आधीच मिळालेले आहे. १९५८ च्या सूचनापत्रात आपोआप वाजणारा ऑर्गन, ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर अशी यंत्रे उपासनेत वापरू नयेत असे म्हटले होते. कारण समजून घेऊ या. यंत्र चुकत नाही, थकत नाही, पण ते प्रार्थनाही करत नाही. भाविक मागे राहिले तर ते थांबत नाही. माणूस वाजवत असेल तर म्हाताऱ्या माणसांचा श्वास संपला की तो क्षणभर थांबतो. हे थांबणे हीदेखील सेवाच आहे.

वाद्याचेही वर्ष असते

दुकानाचा हंगाम विक्रीवर चालतो, चर्चमधील वाद्याचे वर्ष प्रभूच्या रहस्यांवर. मिस्साविधीच्या नियमांप्रमाणे ते असे आहे :

आगमनकाळात ऑर्गन व इतर वाद्ये संयमाने वाजवावीत. नाताळचा आनंद आधीच खर्च करून टाकायचा नाही. आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी ड्रम-पॅडसह पूर्ण दणका उडवला, तर मध्यरात्रीच्या मिस्साला वेगळे काय उरणार?

नाताळात ती मोकळेपणाने वाजवावीत.

प्रायश्चित्तकाळात वाद्य फक्त गाण्याच्या आधारापुरते वाजवायचे, नुसते वादन करायचे नाही. चौथा रविवार, महोत्सव आणि सण यांना यातून सूट आहे. म्हणूनच १९ मार्चचा संत योसेफ आणि २५ मार्चचा देवदूताचा संदेश हे महोत्सव या काळात आले, तर त्या दिवशी वाद्य खुलेपणाने वाजू शकते.

पवित्र गुरुवारी ग्लोरियाच्या वेळी घंटा वाजतात आणि मग पुनरुत्थानाच्या जागरणविधीतील ग्लोरियापर्यंत त्या गप्प राहतात. या काळातही वाद्य फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायचे. मग शनिवारी रात्री घंटा आणि वाद्ये एकदम जागी होतात, तेव्हा लहान मुलालासुद्धा कळते की काहीतरी घडले आहे. या आनंदासाठी आधीची शांतता पाळावी लागते.

आपल्या हवेत वाद्याची काळजी

तानसेच्या काठची आपली हवा पावसाळ्यात ओलीचिंब आणि मे महिन्यात कोरडी-तापलेली असते. दमट हवेत लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, पितळी सुरांवर गंज चढतो. उन्हाळ्यात तेच लाकूड आकसते, फटी पडतात आणि भात्यातून हवा गळते. पियानोचे तर विचारूच नका. त्यात सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण पंधरा ते वीस टनांपर्यंत जातो. लाकडाची फळी जरा फुगली किंवा आकसली की सूर हलतात.

फिलिपाईन्समधील लास पिन्यास या गावाने अशाच हवेत काय करून दाखवले ते पाहा. तिथले धर्मगुरू दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात बांबूचा ऑर्गन बांधला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या आहेत. कीड लागू नये म्हणून ते बांबू आधी वाळूत पुरून ठेवले होते. भूकंप आणि वादळे सोसल्यावर तो १९७३ मध्ये दुरुस्तीसाठी जर्मनीला गेला आणि १९७५ मध्ये परत आला. गावाने जे हाताशी होते त्यातून वाद्य घडवले आणि ते जपले.

आपल्यासाठी सोप्या सूचना अशा :

• वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. खिडकीतले ऊन आणि पावसाची झड यांपासून ते दूर असावे.

• पेटी आठवड्यातून दोन-तीनदा तरी वाजवावी. बंद पेटीत झुरळे आणि उंदीर लवकर घर करतात. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडात बांधून, सुरांना न लागतील अशा ठेवाव्यात.

• ऐन पावसाळ्यात सूर जुळवून घेऊ नयेत. पावसाळा ओसरून हवा स्थिरावली की, म्हणजे नाताळच्या आधी, हे काम करून घ्यावे.

• कीबोर्डची वायर मिस्सानंतर आणि विजा चमकत असताना काढून ठेवावी. वीज गेली तरी पेटी वाजते, म्हणून कीबोर्ड असला तरी पेटी मोडीत काढू नये.

दुकानात जाण्यापूर्वी

वाद्य घ्यायचे ठरले तर आधी घरात तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. पहिला, वाजवणार कोण? एकच वादक असेल आणि तो नोकरीसाठी दूर गेला, तर महागडे वाद्य कपड्याखाली झाकून पडते. दुसरा, दुरुस्त कोण करणार? पेटी दुरुस्त करणारा कारागीर जवळपास मिळू शकतो. भजनी मंडळांना विचारावे, त्यांना तो नक्की ठाऊक असतो. तिसरा, कोणत्या पट्टीत गायचे? गायकवृंदाच्या पहिल्या रांगेला शोभेल ती पट्टी नको. शेवटच्या बाकावरच्या आजीला गाता येईल ती हवी. कीबोर्डवर पट्टी बदलायची सोय असते, ती यासाठीच वापरावी.

आम्हांला असे वाटते की, नव्या वाद्यासाठी काढलेल्या पैशांपैकी एक वाटा शिकवणीसाठी वेगळा ठेवावा. दोन मुले आणि दोन मुली पेटीवर बसून रविवारचे प्रतिसादस्तोत्र वाजवू लागल्या, तर ती कोणत्याही सवलतीपेक्षा मोठी मिळकत ठरेल. सणासुदीला बाहेरून वादक आणता येतो. वर्षभराचे साधे रविवार मात्र आपल्याच मुलांनी सांभाळायचे आहेत. वाद्य जुने झाले तर दुसरे घेता येते, पण वाजवणाऱ्यांची एक पिढी निसटली तर ती कोणत्याच दुकानात मिळत नाही.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मिस्सात वाद्यामुळे गाणे सोपे होते का, की आपण ऐकत बसतो?

२. आगमनकाळ आणि नाताळ यांतील फरक आपल्या संगीतातून जाणवावा म्हणून या वर्षी कोणती एक गोष्ट बदलता येईल?

३. आपल्या वाडीत पेटी, तबला किंवा कीबोर्ड शिकवू शकणारे कोण आहे? शिकू इच्छिणारी मुले कोण? त्यांची नावे गायकवृंदाकडे द्यावीत.

४. कोणाच्या घरी न वापरलेली पेटी पडून आहे का? शिकणाऱ्या मुलाला ती सरावासाठी देता येईल का?

येत्या रविवारी मिस्सानंतर गायकवृंदाच्या लोकांना अवश्य भेटा. गाता येत नसले तरी या. भाता चालवायला आणि पुस्तके वाटायलाही हात लागतात.