दुव्याचे वजन

ग्रंथालयात हिवतापावरील पुस्तक मागितले असता जाणता ग्रंथपाल तो शब्द ज्यात सर्वांत अधिक वेळा आला आहे, ते पुस्तक काढून देत नाही. इतर जाणकार ज्याचा वारंवार हवाला देतात, ते तो पुढे करतो. इंटरनेटवरील शोधयंत्रांना हा साधा विवेक साधण्यास मात्र काही काळ जावा लागला.

आरंभीची शोधयंत्रे मुख्यतः पृष्ठावरील शब्द पाहत. हे ध्यानी येताच काही संकेतस्थळांच्या चालकांनी एकच शब्द शेकडो वेळा लिहिण्यास प्रारंभ केला. तो वाचकाच्या नजरेस पडू नये म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरीच अक्षरे! यंत्र फसे, आणि माहिती शोधणाऱ्यापुढे भलतेच दुकान उभे राही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गे ब्रिन या संशोधक विद्यार्थ्यांनी यावर एक उपाय योजला व १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका पृष्ठावरून दुसऱ्याकडे नेणारा दुवा ही पहिल्याने दुसऱ्याविषयी दिलेली साक्षच होय, असे त्यांनी मानले. शास्त्रीय निबंधांतील संदर्भांची अशी सूची करावी, ही सूचना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्येच केली होती. पेज व ब्रिन यांनी साक्षी नुसत्या मोजल्या नाहीत. साक्षीदाराचे वजनही हिशेबात धरले. या रीतीस ‘पेजरँक’ म्हणतात. यातील ‘पेज’ म्हणजे पृष्ठ की संशोधक, हे वाचकाने हवे तसे समजावे.

एक लहानसे उदाहरण घेऊ. क, ख व ग अशी तीनच पृष्ठे आहेत. क वरून ख व ग या दोहोंकडे दुवे जातात, ख वरून केवळ ग कडे आणि ग वरून केवळ क कडे. प्रत्येक पृष्ठ आपले वजन आपल्या दुव्यांत समान वाटते. एकूण वजन १०० धरून ही वाटणी पुनःपुन्हा केली, तर अखेर क पाशी ४०, ख पाशी २० व ग पाशी ४० येऊन आकडे स्थिरावतात. क कडे एकच दुवा येतो, ग कडे दोन. तरीही दोघे समान! कारण क चा एकमेव साक्षीदार वजनदार आहे आणि आपली सारी साक्ष तो एकट्या क लाच देतो.

परंतु दोन पृष्ठांनी केवळ परस्परांकडेच बोट दाखविले, तर त्यांत शिरलेले वजन बाहेर पडणारच नाही. म्हणून एका भटक्या वाचकाची कल्पना करण्यात आली. तो १०० पैकी सुमारे ८५ वेळा समोरचा दुवा धरतो. उरलेल्या वेळी कंटाळून कोठलेही पृष्ठ उघडतो. तो जेथे अधिक वेळा आढळेल, त्या पृष्ठाचे वजन अधिक.

साक्षीला मोल येताच खोट्या साक्षीचा बाजार भरला. केवळ दुवे पुरविण्यासाठी पृष्ठांचे जथे उभारण्यात आले, दुव्यांची खरेदी-विक्री होऊ लागली, वाचकांच्या अभिप्रायांतही असंबद्ध दुवे घुसविले जाऊ लागले. २००५ च्या जानेवारीत प्रमुख शोधयंत्रांनी एक खूण मान्य केली. ती ज्या दुव्यावर असेल, त्याची साक्ष धरावयाची नाही, असे ठरले. पुढे दुव्यांखेरीज इतर अनेक गोष्टीही क्रम ठरविताना पाहिल्या जाऊ लागल्या. तरीही एखाद्या शाळेच्या पृष्ठावर स्थानिक पक्ष्यांच्या काळजीपूर्वक नोंदी असतील आणि दुसऱ्या अभ्यासकाने आपल्या कामासाठी त्यांकडे दुवा दिला, तर तो आजही खऱ्या साक्षीचाच नमुना होय. असा दुवा मागून सहसा मिळत नाही, आणि त्यास वेळ लागतो.

२०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने कृत्रिम दुवे हेरणारा ‘पेंग्विन’ नामक बदल अमलात आणला, आणि अनेक संकेतस्थळे क्रमात एकाएकी खाली आली. ज्यांनी पैसे मोजून दुवे मिळविले होते, तेच आता ते काढून टाकण्याची विनंती करीत पत्रे धाडू लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, नको असलेले दुवे आपले नव्हेत असे कळविण्याची सोयही गूगलला करून द्यावी लागली.