काळापहाड आणि त्याचा वाचक
(द्वितीय वर्ष, कला)

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार मराठीत भरपूर वाचला गेला; त्यावर विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला. प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. एखाद्या रहस्यकथामालेतील पुढचे पुस्तक हाती आले की वाचक काय म्हणतो, आणि तो तसे का म्हणतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मराठीत या विषयाचा विचार करताना पहिले नाव घ्यावे लागते ते बाबुराव अर्नाळकरांचे (1906–1996). त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे एकेकाळी घरोघरी माहीत होती. यांपैकी धनंजय हा सरळसरळ गुप्तहेर. काळापहाड मात्र काळोखात वावरणारा, कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना अद्दल घडविणारा. त्याच्याविषयी वाचकाला प्रेम वाटे आणि थोडी धास्तीही वाटे.

माझे आजोबा त्या वाचकांपैकी एक. रत्नागिरीकडून ते लालबागला आले आणि गिरणीत लागले. शिक्षण चौथीपर्यंत. एका गाळ्यात पंधरा-वीस माणसे, पाळीपाळीने झोपणारी. वाचनालयातून थोड्या पैशांत पुस्तक आणायचे, ज्याला भराभर वाचता येई त्याने दिव्याखाली बसून मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, अशी पद्धत होती. तो वाचणारा म्हणजे आमचे आजोबा. पुस्तक संपले की वाद सुरू होई, आणि दुसऱ्या दिवशी खाणावळीत जेवतानाही तो चाले.

या वादांत दोन तक्रारी नेहमीच्या असत, असे आजोबा सांगतात. पहिली, ‘तेच ते चाललंय, नवीन काही नाही.’ दुसरी, ‘हा पूर्वीचा काळापहाड राहिला नाही.’ नायक बदलत नाही म्हणून एक तक्रार आणि नायक बदलला म्हणून दुसरी! शिवाय दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकच माणूस करी आणि पुढचे पुस्तक आले की तोच सर्वांच्या आधी हात पुढे करी. वरवर पाहता ही विसंगती आहे. पण थोडा विचार केल्यास ती नाहीशी होते. वाचकाला संकट नवे हवे असते, माणूस मात्र ओळखीचा हवा असतो. पेच जुनाच निघाला तर तो कंटाळतो; माणूस अनोळखी निघाला तर दुखावतो. कंटाळा आणि दुखावणे यांत फरक आहे, आणि आपला मुद्दा दुसऱ्याशी निगडित आहे.

इंग्रजीतले उदाहरण सर्वपरिचित आहे. आर्थर कॉनन डॉईल यांनी डिसेंबर 1893 च्या ‘स्ट्रँड’ मासिकात शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्यात संपविले. वाचक खवळले, अनेकांनी वर्गणी बंद केली. 1903 मध्ये होम्सला परत आणावे लागले. पण तेवढ्याने समाधान झाले नाही. एका नावाड्याने आपल्याला काय ऐकविले, ते डॉईल यांनीच नमूद करून ठेवले आहे: होम्स त्या कड्यावरून पडून मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही. लालबागच्या गाळ्यातली दुसरी तक्रार ती हीच!

आता अगाथा ख्रिस्ती यांची ‘कर्टन’ ही कादंबरी घेऊ. ती लिहिली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, प्रसिद्ध झाली 1975 मध्ये. तीत हर्क्यूल पॉयरो वृद्ध आणि आजारी आहे, आणि न्यायासाठी तो शेवटी कायद्याबाहेर पाऊल टाकतो. जन्मभर कायद्याच्या बाजूने उभा राहिलेला माणूस असे करतो, म्हणून वाचकाला धक्का बसतो. येथे एक गोष्ट लक्षात येते. पॉयरो जेथे अखेरीस पोहोचतो, तेथून काळापहाडाची सुरुवातच होते. मग मराठी वाचकाला धक्का कशाने बसला असता? हाच प्रश्न मी आजोबांना विचारला. ते क्षणभरही न थांबता म्हणाले, “त्यानं गरिबाच्या अंगावर हात टाकला असता तर. मग पुस्तक परत केलं असतं.”

या उत्तरात मला विषयाचे मर्म सापडले. मालेतील पहिले पुस्तक वाचकाला एक शब्द देते. पॉयरोचा शब्द कायद्याचा, काळापहाडाचा शब्द दुबळ्याच्या पाठीशी उभे राहण्याचा. पुढचे प्रत्येक पुस्तक वाचक त्या शब्दावर घासून पाहतो. कथानक कितीही काळेकुट्ट झाले तरी तो सहन करतो. शब्द मोडलेला मात्र सहन करीत नाही. ‘पूर्वीचा राहिला नाही’ या तीन शब्दांत एक टीकाविचार आहे, आणि तो चौथी शिकलेल्या माणसांनी कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय मांडला होता.

आजोबांनी रहस्यकथा वाचणे केव्हा सोडले, हेही विचारले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माणसेच एकेक करून पांगली. आजोबा म्हणाले, “बाय, पुस्तकात शेवटच्या पानावर निकाल लागतो. आमचा लागला नाही. मग वाचवेना.” यावर मला काही बोलता आले नाही.

एक कबुली देऊन लेख संपविते. कॉलेजात आल्यावर पहिल्याच महिन्यात आवडता लेखक कोण, असे वर्गात विचारले गेले. मी खांडेकरांचे नाव सांगितले. तोवर मी त्यांचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते; अर्नाळकरांची मात्र आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतली सगळी वाचली होती. ‘आमच्या घरात कोणी वाचणारे नव्हते’ असेही मी तेव्हा मैत्रिणींना सांगत असे. ते खरे नव्हते. आमच्या घरात एक वाचक होता, आणि वीस माणसे त्याच्या तोंडून वाचत होती. आता खांडेकरही वाचते आहे. पण तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तर उत्तर निराळे देईन.