हात तोच, मांडणी वेगळी

जगात साधारण दहा माणसांमागे एक जण डावखुरा असतो. चाळीस मुलांच्या वर्गात हिशेब केला, तर अशी तीन-चार मुलं निघतात. मी स्वतः डावखुरी, आणि माझी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर झाली. त्यामुळे जून महिन्यात पालक हमखास मला गाठायचे. “बाई, हा डाव्या हातानं लिहितो. आत्ताच काहीतरी करायला हवं ना?” करायला हवं, पण हाताचं नाही. मूल जिथे बसतं ती जागा, त्याच्या हातात आपण देतो त्या वस्तू आणि आपली शिकवायची रीत, यांचं करायला हवं. त्यातलं मला जे पक्कं ठाऊक आहे ते इथे लिहिते.

१. आधी बसायची जागा बघा

बाकावर डावखुऱ्या मुलाला त्याच्या डाव्या टोकाला बसवा. मध्ये किंवा उजव्या टोकाला बसलं की त्याचा डावा कोपर शेजाऱ्याच्या उजव्या कोपरावर आपटत राहतो. दोघांचीही अक्षरं वाकडी होतात, भांडणं होतात, आणि दोष नेहमी डावखुऱ्याच्या माथी येतो. पंगतीतही हेच. डाव्या हातानं जेवणाऱ्याला रांगेच्या डाव्या टोकाचं पान द्यावं, म्हणजे कुणालाच अंग चोरून बसावं लागत नाही.

उजेडाचंही तसंच. अभ्यासाला बसताना उजेड डावीकडून यावा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते उजव्या हाताचं गणित आहे. डाव्या हातानं लिहिताना डावीकडून उजेड आला, तर स्वतःच्याच हाताची सावली अक्षरावर पडते. घरी टेबलावरचा दिवा उजव्या बाजूला ठेवायला कवडीचाही खर्च नाही.

२. वही सरळ ठेवायला लावू नका

या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण डावखुऱ्या मुलांचं अक्षर वाईट असतं हा समज इथूनच येतो.

देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. उजवा हात लिहिलेल्या मजकुराच्या पुढे पुढे सरकतो. डावा हात लिहिलेल्यावरूनच जातो, त्यामुळे पाटीवरची अक्षरं मनगटानं पुसली जातात, वहीवरची शाई फासली जाते आणि करंगळीची कड दिवसभर काळी राहते. आपण काय लिहिलं ते दिसावं म्हणून मूल मग मनगट वरून आकड्यासारखं वळवून लिहायला लागतं. थोड्या वेळात हात दुखतो, लिहायचा कंटाळा येतो, आणि घरचे म्हणतात की याला अभ्यास नको.

उपाय सोपा आहे, पण तो पहिलीतच दाखवायला हवा. वही शरीराच्या मध्यावर न ठेवता थोडी डावीकडे ठेवायची. तिचा वरचा भाग उजवीकडे कलू द्यायचा, म्हणजे वरचा डावा कोपरा उंच आणि उजवा कोपरा खाली येतो. मनगट ओळीच्या खाली राहू द्यायचं. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायची, म्हणजे बोटांआडून अक्षर दिसतं. पंधरा दिवस रोज कुणीतरी शेजारी उभं राहून वही कलती करून दिली की पुढे मूल आपणहून करतं. शिक्षकांनी “वही सरळ कर” असं म्हणायचं मात्र सोडलं पाहिजे.

शिरोरेघेचं वेगळं सांगते. उजव्या हाताचं मूल रेघ ओढतं. डाव्या हाताचं मूल तीच रेघ ढकलतं. ढकलताना टोक कागदात रुततं, रेघ थरथरते, कधी कागद फाटतो. म्हणून पुष्कळ डावखुरी मुलं शब्द पूर्ण लिहून झाल्यावर शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढतात. मीही आजवर तशीच ओढत आले. ती उलटी ओढली म्हणून हातातली पेन्सिल काढून घेऊ नका. कागदावरची रेघ कुठून निघाली हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

पेन घेताना लवकर वाळणारी शाई बघा. जेलपेन फार पसरतं, साधं बॉलपेन बरं. स्पायरलच्या वहीत तार डाव्या मनगटाला टोचते, तिथे वरच्या बाजूला तार असलेली वही घ्यावी. आणि ‘३’, ‘द’ किंवा ‘ब’ आरशात दिसावा तसा उलटा काढला तर घाबरू नका. लहान वयात उजव्या हाताची मुलंही असं लिहितात, आणि सरावानं बहुतेकांचं सुटतं.

३. कात्री मात्र वेगळीच लागते

डावखुऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तूंवाचून काही अडत नाही. कात्रीवाचून अडतं.

कात्रीची दोन पाती एकमेकांना घासून गेली तरच कागद कापला जातो. मूठ आवळताना उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं नकळत पात्यांना एकमेकांवर दाबतात. तीच कात्री डाव्या हातात आली की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. कागद कापला न जाता मध्ये दुमडून बसतो. शिवाय कापायची रेघ पात्याआड जाते, ती दिसतच नाही. कार्यानुभवाच्या तासाला पताका कापताना डावखुऱ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं ते यामुळे. त्या मुलाला आपण ‘हात जड आहे’ असं म्हणून गेलो, तर ते त्याच्या मनात फार वर्षं राहतं.

कात्री उलटी धरून उपयोग नसतो, कारण कशीही फिरवली तरी उजवीकडचं पातंच वर राहतं. ‘दोन्ही हातांना चालणारी’ असं लिहिलेल्या कात्रीची बहुधा नुसती मूठ दोन्ही बाजूंनी सारखी असते, पाती उजव्या हाताचीच असतात. दुकानात कात्री समोर धरून उघडा. डावीकडचं पातं वर असेल तर ती खरी डावखुऱ्याची. अशा दोन कात्र्या प्रत्येक प्राथमिक शाळेच्या कपाटात हव्यात. शिवणकाम शिकणाऱ्या डावखुऱ्या मुलीनं तर पहिला खर्च यावरच करावा. कापड कापताना अंगठ्याच्या मुळाशी घट्टे पडतात आणि पुष्कळ मुली त्यामुळेच बेतायचं काम सोडून देतात.

४. स्वयंपाकघरात आपली जुनी साधनं जास्त समजूतदार आहेत

विळीचं पातं जागेवर राहतं आणि भाजी हलते. कोणत्या हातानं भाजी पुढे लोटायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. पोळपाट, लाटणं, खलबत्ता, सांडशी यांनाही हात नसतो. अडचण येते ती एकाच बाजूला चोच असलेल्या दांडीच्या पातेल्याशी. दांडी डाव्या हातात धरली की चोच पलीकडे जाते आणि चहा ओतायला मनगट उलटं वाकवावं लागतं. दोन्हीकडे चोच असलेलं पातेलं सहज मिळतं, तेच घ्यावं. पावाची दातेरी सुरी अनेकदा एकाच बाजूनं घासलेली असते, त्यामुळे डाव्या हातानं काप तिरके पडतात. सालं काढायचं साधन फिरत्या पात्याचं आणि दोन्ही कडांना धार असलेलं घ्या.

५. आवळायला उजवा हात, सोडवायला डावा

तळवा वर येईल अशा दिशेनं हात फिरवताना दंडाचा स्नायू मदतीला येतो, म्हणून त्या दिशेला जोर जास्त लागतो. उजव्या हाताची ती दिशा स्क्रू आवळायची आहे, डाव्या हाताची सोडवायची. घरात घट्ट बसलेला स्क्रू किंवा बरणीचं झाकण असेल, तर डावखुऱ्या माणसाला बोलवा.

६. शिकवताना समोर बसा

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं उजव्या हाताची. बुटाची नाडी शिकवताना मी त्यांच्या समोर बसायची, म्हणजे माझा डावा हात आणि त्यांचा उजवा हात एकाच बाजूला येई आणि ती आरशात बघावं तशी माझी नक्कल करत. डावखुऱ्या मुलांना मात्र मी शेजारी घेऊन बसायची. उजव्या हाताच्या आईबाबांनी याच्या उलट करायचं: आपल्या डावखुऱ्या लेकराच्या समोर बसायचं. नाडी, वेणी, सुईत दोरा ओवणं, विणकाम, सगळं यातूनच सुटतं.

मला क्रोशा माझ्या आत्यानं असाच शिकवला. ती उजव्या हाताची होती. आधी शेजारी बसवून बघितलं, जमेना. मग मला तिनं समोर पाटावर बसवलं आणि म्हणाली, “माझ्या हाताकडे बघ, आणि मी जिकडे वळते तिकडेच तूही वळ.” त्या दुपारी साखळी जमली. माझी ओळ तिच्या उलट दिशेनं जायची, आणि नमुन्यात उजवीकडे लिहिलं असेल तिथे मला डावीकडे समजावं लागायचं, पण रुमाल झाला तो तिच्या रुमालासारखाच.

मोदकाच्या कळ्या डावखुऱ्या हातात उलट्या फेऱ्यानं पडतात. पडू द्या. रांगोळी उजवीकडून सुरू करायला सांगा, म्हणजे काढलेल्यावरून हात फिरत नाही.

७. देवाचा हात आणि लिहायचा हात

तीर्थ घेताना, प्रसाद घेताना, हळदीकुंकू लावताना उजवा हात पुढे करायची आपली रीत आहे. मी ती पाळते आणि मुलांनाही पाळायला सांगते. त्या क्षणभराच्या कामाला हाताचं कसब लागत नाही, आणि मूल ते आनंदानं शिकतं. लिहिणं, चित्र काढणं, कापणं, शिवणं ही कसबाची कामं आहेत. तिथे हात बदलायला लावणं वेगळं. जेवणाचा हात मुलावर सोडावा. माझ्यासारखे कितीतरी जण डाव्या हातानं लिहितात आणि उजव्या हातानं जेवतात, कितीतरी जेवतातही डाव्यानंच. त्यात देवाचा अपमान होतो असं मला कधी वाटलं नाही.

माझ्या पिढीत हाताच्या पेरांवर पट्टी बसायची, काहींचा हात बाकाला बांधला जायचा. आता २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घातली आहे. डाव्या हातानं लिहितो म्हणून वर्गासमोर उभं करून बोलणं हा छळच आहे, आणि पालकांनी तसं शाळेत जाऊन ठामपणे सांगावं.

८. प्रत्येक कामाचा हात वेगळा असू शकतो

सचिन तेंडुलकर फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हातानं करायचा, पण लिहितो डाव्या हातानं. सौरव गांगुलीचं उलटं: फलंदाजी डावखुरी, बाकी कामं उजव्या हातानं. म्हणून मूल पेन्सिल डाव्या हातात धरतं एवढ्यावरून बॅटही तशीच धरायला लावू नका. पुढे ठेवा, आणि ते कोणता हात पुढे करतं ते बघा. साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान हात पक्का होतो, तोवर घाई नको. मैदानात डावखुरेपणाचा फायदाच आहे, कारण समोरच्याला त्याची सवय नसते. नाशिकचे बापू नाडकर्णी डावखुरे फिरकी गोलंदाज होते. १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली होती. ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायची, आणि ती ऐकताना डावखुरी मुलं ताठ बसायची.

९. फळ्यावर डावा हात चांगला

उजव्या हातानं फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाचं अंग लिहिलेल्या मजकुरासमोर येतं. डावखुरा शिक्षक कोऱ्या भागासमोर उभा असतो, त्यामुळे शब्द उमटत जातो तसा मुलांना दिसतो. पहिलीच्या मुलांना अक्षराचं वळण घडताना दिसणं फार मोलाचं आहे. डीएडच्या डावखुऱ्या विद्यार्थिनी फळ्याला बिचकतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

१०. परीक्षेची खुर्ची आधी बघून या

मोठ्या मुलांची खरी कोंडी परकेंद्रावर होते. तिथे उजव्या बाजूला फळी असलेल्या खुर्च्या असतात. तीन तास अंग पिळून, कोपर अधांतरी ठेवून लिहायचं म्हणजे पाठ आणि खांदा दोन्ही जातात, आणि शेवटचे प्रश्न सुटतात. आदल्या दिवशी बैठकव्यवस्था बघायला जाल, तेव्हाच केंद्रप्रमुखांना भेटा आणि साधं टेबल मागा. आधी सांगितलं तर बहुधा मिळतं, ऐन वेळी मिळत नाही. टेबल नसेलच, तर आपल्या डावीकडे एक रिकामी खुर्ची जवळ ओढून ठेवायची परवानगी मागा. तिची फळी तिच्या उजव्या बाजूला असते, म्हणजे बरोबर आपल्या डाव्या हाताखाली येते.